निळ्या पडद्यामागचे दप्तर

सातारा-सांगलीच्या इतिहासाची साधने आज कुठे आहेत? अभिलेखागारांत आहेत, वाड्यांच्या माळ्यांवर आहेत, देवघरातल्या पेट्यांतही आहेत. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत हौशी अभ्यासकांनी जमवलेला फार मोठा भाग कोणाच्या तरी जुन्या लॅपटॉपमध्ये आहे. मोडी कागदांची छायाचित्रे, वीरगळांच्या नोंदी, म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती, अर्धवट राहिलेली लिप्यंतरे. आणि हा लॅपटॉप एके सकाळी सुरू होत नाही.

कळ दाबली की पंखा फिरतो, कंपनीचे चिन्ह उमटते आणि मग निळा पडदा येतो. त्यावर इंग्रजीत चार ओळी आणि तळाशी बहुधा एका फाइलीचे नाव, शेवटी ‘सिस’ ही अक्षरे असलेले. पुन्हा सुरू केले तरी तेच. मग स्वारी पोवई नाक्यावरच्या किंवा विश्रामबागेतल्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात जाते, आणि तिथे तीन शब्दांचा निकाल मिळतो: ‘फॉरमॅट मारावा लागेल.’

आजचा हा लांबलचक धागा त्या तीन शब्दांच्या विरोधात आहे. अँटिव्हायरसच्या ड्रायव्हरमुळे संगणक अडला असेल, तर अडलेले असते ते दार. आतले दप्तर बहुतेक वेळा जसेच्या तसे असते. दार उघडत नाही म्हणून वाडा पेटवण्याची घाई आपण का करतो, आणि मुळात रखवालदारच दार अडवून कसा बसतो, हे दोन्ही प्रश्न इतिहासाचे आहेत. म्हणून ते या मालिकेत.

आधी थोडे मागे जाऊ.

वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. पानिपतपूर्व दशकावर प्रकाश टाकणारी त्यातली पत्रे वाईत सापडली होती. तिकडे मिरजेत वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिकवून उरलेल्या वेळात पटवर्धन सरदारांच्या दप्तरातले रुमाल सोडत होते. त्यातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ उभा राहिला आणि १९२४ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्याचे खंड निघत राहिले. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी आयुष्यभर कागद गोळा केले. नाना फडणीसांचे मेणवलीचे दप्तर त्यांच्याच हाती आले, आणि पुढे १९३९ मध्ये त्यांचा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

या तिघांचे शत्रू कोण होते? वाळवी, पाऊस, उंदीर हे तर होतेच. पण सर्वांत मोठा शत्रू होता घरातला सज्जन माणूस, ज्याला ते रुमाल म्हणजे अडगळ वाटे. जुने कागद रद्दीच्या भावाने गेले ते दुष्टपणामुळे नव्हे. जागा हवी होती आणि कागद वाचता येत नव्हते, एवढेच त्याचे कारण. मोडी वाचता न येणाऱ्या माणसाला रुमाल जसा दिसे, तसाच निळा पडदा आज आपल्याला दिसतो.

म्हणून तो वाचायला शिकू. त्यासाठी संगणक सुरू होताना काय घडते, ते थोडक्यात पाहावे लागेल.

कळ दाबल्यावर प्रथम जागे होते ते मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर. ते डिस्क शोधते आणि विंडोजच्या आरंभीच्या भागाला हाक मारते. मग विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत येऊन बसतो. हा बालेकिल्ला. त्याच्याबरोबर काही ड्रायव्हर लगेच आत घेतले जातात, कारण त्यांच्याशिवाय डिस्क वाचता येत नाही, पडदा उजळत नाही. आपण रोज वापरतो ते सारे कार्यक्रम खालच्या पेठेत राहतात. पेठेतल्या कार्यक्रमाला ठेच लागली तर तोच पडतो, बाकीचे गाव चालू राहते. बालेकिल्ल्यात वावरणारा ड्रायव्हर मात्र चुकला, तर विंडोज सारा किल्लाच बंद करते. ते जाणूनबुजून केलेले असते. गाभ्यात बिघाड झाल्यावर पुढे चालत राहिले तर डिस्कवरचा मजकूर खराब होण्याचा धोका असतो, म्हणून सगळे जागच्या जागी थांबवायचे. निळा पडदा आला, याचा अर्थ यंत्राने तुमचे दप्तर वाचवण्यासाठी काम थांबवले. आणि आपण मात्र तो पाहून दप्तर पुसायला निघतो!

आता अँटिव्हायरस बालेकिल्ल्यात कशासाठी? कारण चोर तिथेच शिरत होता. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या अगदी पहिल्या भागात बसे, म्हणजे यंत्र ज्या ओळीपासून वाचायला सुरुवात करते त्याच ओळीत. ‘मायकेलअँजेलो’ हा विषाणूही त्याच जातीचा. ६ मार्चला यंत्र सुरू केले की तो डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून टाकी, आणि १९९२ साली त्याने जगभर धास्ती पसरवली. चोर दार उघडण्याच्या आधीच आत येत असेल, तर रखवालदारालाही त्याच्याआधी उठावे लागणार.

या कथेत सातारा जिल्हाही आहे. रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकांकडे वळले. त्यांचे धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणारी यंत्रे विषाणूंनी भरलेली असत. संजय यांनी त्यांवर उतारा लिहायला घेतला, त्यात हा मायकेलअँजेलोही होता. १९९३ मधली ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ ही त्यांची कंपनी पुढे ‘क्विक हील’ या नावाने देशभर पोचली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात गेली. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की हा अँटिव्हायरस दुरुस्तीच्या टेबलावर जन्मला. विषाणू लागला की सारी डिस्क पुसून नव्याने मांडणी करायची, हा त्या काळातला सोपा इलाज होता. ‘पुसू नका, साफ करू’ हे अँटिव्हायरसचे पहिले वचन होते. तीस वर्षांनी त्याच अँटिव्हायरसचा ड्रायव्हर अडला म्हणून दुकानात डिस्क पुसली जाते, याला काय म्हणावे?

पुढे रखवालदार वाढले आणि आत जाण्याचा हक्क हाच त्यांचा व्यवसाय झाला. मायक्रोसॉफ्टने ६४-बिट विंडोजमध्ये गाभ्यात परस्पर फेरफार करण्यास बंदी घातली, तेव्हा २००६ मध्ये सिमॅन्टेक आणि मॅकॅफी या कंपन्यांनी जाहीर तक्रार केली. प्रकरण युरोपीय आयोगापर्यंत गेले. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आयोगाला कबुली दिली की स्वतःच्या सुरक्षा उत्पादनांना जी दारे उघडी असतील, तीच इतरांनाही असतील. यातून इतरांनी बालेकिल्ल्यात राहिलेच पाहिजे, असा अर्थ निघत नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतःचा रखवालदारही खाली आणू शकत होती. पण कोणीच खाली आले नाही. २०१२ च्या ‘विंडोज ८’मध्ये तर अँटिव्हायरसच्या एका खास ड्रायव्हरला इतर परक्या ड्रायव्हरांच्या आधी उठण्याचा मान मिळाला.

किल्ल्यांचा कारभार वाचलेल्यांना इथे सभासद बखर आठवेल. शिवछत्रपतींच्या किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे अधिकारी असत, आणि एकाच्या हाती सारा किल्ला जाणार नाही अशी त्यांच्या अधिकारांची वाटणी असे. हेतू एकच: एक माणूस फितला, चुकला किंवा नुसता आजारी पडला तरी किल्ला जाऊ नये. आपल्या संगणकांत मात्र एकेका अँटिव्हायरसला बालेकिल्ल्याचा जवळजवळ पूर्ण ताबा देण्यात आला. फितुरीचा प्रश्न सोडून देऊ. नुसती चूक झाली तर काय, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते.

ते उत्तर १९ जुलै २०२४ ला, शुक्रवारी मिळाले. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ‘क्राउडस्ट्राइक’ या अमेरिकी कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी एक छोटी माहिती-फाइल जगभर पाठवली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. या ७८ मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, ८५ लाख विंडोज यंत्रे पडली. जगातल्या विंडोज यंत्रांच्या तुलनेत हा आकडा एक टक्क्याहूनही कमी, पण ती यंत्रे विमानतळांवर, रुग्णालयांत आणि बँकांत होती. आपल्याकडे इंडिगोच्या प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. रिझर्व्ह बँकेने सांगितले की १० बँका व वित्तसंस्थांमध्ये किरकोळ अडथळे आले.

कारण पाहा. नव्या माहितीला २१ रकाने लागत होते, आणि गाभ्यातला ड्रायव्हर तिला २० च देत होता. एकविसावा रकाना शोधायला गेलेला ड्रायव्हर जिथे जाण्याचा हक्क नव्हता तिथे पोचला आणि किल्ला बंद झाला. मुद्दा असा, की पडद्यावर नाव येत होते ते ड्रायव्हरचे, ‘सीएसएजंट’. तो ड्रायव्हर त्या दिवशी बदललेलाच नव्हता. तो तपासून, प्रमाणित होऊन आधीच यंत्रात बसला होता. बदलली होती ती त्याच्या हातात दिलेली चिठ्ठी.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे नीट लक्षात ठेवावे. पडद्यावरचे नाव ही साक्ष आहे, निकाल नाही. कागदावर ज्याचे नाव आहे तोच गुन्हेगार असे आपण बखर वाचताना धरत नाही, मग इथे का धरावे? कधी खरा दोष खराब झालेल्या रॅमचा असतो आणि नाव ड्रायव्हरचे येते. कधी विंडोजचा नवा अपडेट आणि जुना अँटिव्हायरस यांचे जमत नाही. जानेवारी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रोसेसरमधल्या ‘मेल्टडाउन’ त्रुटीवर उपाय पाठवला, तेव्हा काही अँटिव्हायरस गाभ्याच्या स्मृतीत अशा रीतीने डोकावत होते की यंत्रे निळ्या पडद्यावर अडली. शेवटी ज्या अँटिव्हायरसने सुसंगततेची खूण नोंदवली असेल त्याच यंत्राला अपडेट द्यायचा, असे ठरले. एप्रिल २०१९ मधल्या विंडोजच्या अपडेटनंतर सोफॉस, अवास्ट, अविरा वगैरे असलेली अनेक यंत्रे सुरू होतानाच गोठत होती. त्याआधी एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटने एक्सपीमधली ‘एसव्हीसीहोस्ट’ ही विंडोजची स्वतःची फाइलच विषाणू ठरवून उचलली, आणि यंत्रे पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागली. या सर्व प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. लोकांची कागदपत्रे शाबूत होती.

क्राउडस्ट्राइकचा इलाज तर इतका साधा होता की हसू यावे. यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करायचे, ड्रायव्हरांच्या फोल्डरातून २९१ या क्रमांकाची ती एक फाइल काढायची, पुन्हा सुरू करायचे. अडचण इतकीच की हे प्रत्येक यंत्रापाशी जाऊन करावे लागत होते. ८५ लाख यंत्रे फॉरमॅट करा, असे मात्र कोणी सुचवले नाही. मग विटा किंवा कोरेगावच्या एका लॅपटॉपला तेवढी सवलत का मिळू नये?

ती कशी द्यायची, ते क्रमाने सांगतो.

पहिले काम, पडद्याचे मोबाइलवर छायाचित्र. कोड आणि फाइलीचे नाव दोन्ही त्यात यावे. पुष्कळ लोक इथेच साक्ष हरवतात आणि दुकानात जाऊन ‘काहीतरी निळे येते’ एवढेच सांगतात. यंत्रातून कट्-कट् असा आवाज येत असेल तर मात्र पुढचे काहीही करू नका. ती डिस्क शरीराने आजारी आहे. प्रत्येक नव्या प्रयत्नाने ती आणखी बिघडते, आणि तिचा वैद्य वेगळा असतो.

आवाज नसेल, तर दुरुस्तीच्या आधी नक्कल. डिस्क काढता येत असेल तर ती यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडली की बहुधा एखाद्या पेन ड्राइव्हसारखी उघडते. काढता येत नसेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून आतली फोल्डरे बाहेर घेता येतात. विंडोज झोपलेलेच राहते आणि दप्तर बाहेर येते. नव्या लॅपटॉपमध्ये एक मेख आहे. त्यांतल्या डिस्का पुष्कळदा ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असतात, आणि ४८ अंकी किल्लीशिवाय आतले काहीच वाचता येत नाही. ही किल्ली अनेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. यंत्र नीट चालू असतानाच ती कागदावर उतरवून ठेवावी, हे सांगायला लागू नये, पण लागते.

नक्कल हाती आली की दाराकडे वळा. सुरुवात लागोपाठ दोन-तीन वेळा फसली की विंडोज १० आणि ११ आपणहून दुरुस्तीचे पान उघडतात. तिथे ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ अशी वाट आहे. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर यादी दिसते. ४ दाबले तर सेफ मोड. यात विंडोज अगदी मोजके ड्रायव्हर घेऊन उठते आणि परका अँटिव्हायरस सहसा बाहेरच राहतो. ८ क्रमांक फार थोड्यांना माहीत असतो. अँटिव्हायरसच्या ड्रायव्हरला सर्वांआधी उठण्याचा जो मान २०१२ मध्ये मिळाला, तो त्या एका वेळेपुरता काढून घेण्याची ही सोय आहे. आत पोचलात की अँटिव्हायरस काढून टाका. तो साध्या रीतीने निघाला नाही, तर बहुतेक कंपन्या त्यासाठी स्वतंत्र साधन देतात. एकाच यंत्रात दोन अँटिव्हायरस निघाले तर आश्चर्य मानू नका. दोन रखवालदार एकाच दाराशी झटत बसल्याची उदाहरणे भरपूर आहेत.

सेफ मोडही उघडला नाही, तर त्याच पानावर ‘सिस्टिम रिस्टोर’ आहे. त्याने यंत्राची मांडणी आधीच्या एखाद्या तारखेला जाते, तुमची छायाचित्रे व कागद जागीच राहतात. इंटरनेटवर सर्रास सांगतात की ड्रायव्हरची फाइल सरळ पुसा. क्राउडस्ट्राइकची ती माहिती-फाइल काढणे सुरक्षित होते, पण प्रत्येक ड्रायव्हरला ते लागू नाही. एखादा ड्रायव्हर डिस्कच्या वाटेवर चौकीदार म्हणून नोंदलेला असेल आणि तुम्ही नोंद तशीच ठेवून नुसती फाइल काढली, तर विंडोजला डिस्कच सापडेनाशी होते. आधी नोंद काढावी, मग फाइल. हे जमत नसेल तर इथे थांबून जाणत्याला बोलवावे.

दुकानदारावर सारा राग काढणे मला मान्य नाही. फॉरमॅटला तास-दीड तास लागतो, निकाल ठरलेला असतो आणि मोबदला ठरलेला. वरची सारी खटपट करायला अर्धा दिवस जातो आणि गिऱ्हाईक विचारते, ‘एवढे पैसे कशाचे?’ आतल्या कागदांचे मोल आपणच सांगितले नाही, तर त्याने ते का मोजावे? तसेच, ‘अँटिव्हायरस नकोच’ हे टोकही मला पटत नाही. चोर गेलेले नाहीत. रखवालदाराला बालेकिल्ल्याबाहेर बसवण्याचे प्रयत्न आता चालू आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षा कंपन्यांना रेडमंडला बोलावून हाच विषय काढला, आणि २०२५ मध्ये गाभ्याबाहेरून काम करणाऱ्या व्यवस्थेची चाचणी त्यांच्या हाती देण्याचे जाहीर केले. पण आपल्या भागातली यंत्रे जुनी आहेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी ती चालूच आहेत. नवी व्यवस्था त्यांच्यापर्यंत पोचणार नाही.

आणि त्या यंत्रांत काय आहे? एकच उदाहरण देतो. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे होते. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात वाळवा, तासगाव, खानापूर हे आजचे सांगलीतले तालुकेही येत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. क्रांतिसिंह नाना पाटील १९७६ साली गेले. जी. डी. बापू लाड २०११ मध्ये, नागनाथअण्णा नायकवडी २०१२ मध्ये गेले. शेणोलीच्या रेल्वेलुटीतले तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये गेले. त्या पिढीतले जे कोणी खेड्यापाड्यांत मोबाइलसमोर, टेपसमोर बोलून गेले, ते आता पुन्हा बोलणार नाहीत. राजवाड्यांना निदान एका पत्राची दुसरी प्रत दुसऱ्या वाड्यात सापडण्याची आशा असे. या आवाजांची दुसरी प्रत पुष्कळदा नाहीच.

म्हणून सातारा-सांगलीतल्या वाचकांना एक विनंती. घरात, तालमीत, वाचनालयात, ‘बंद पडला’ म्हणून कपाटात टाकलेला एखादा संगणक असेल, तर त्याच्यावर कागद चिकटवून ठेवा: ‘आत साधने आहेत, फॉरमॅट करू नये.’ दुरुस्तीला देताना हेच शब्द पावतीवरही लिहून घ्या. आणि निळ्या पडद्याचे छायाचित्र असेल तर या धाग्याखाली टाका. मात्र त्यात बिटलॉकरची किल्ली किंवा खात्याचे तपशील दिसत नाहीत ना, ते आधी पाहून घ्या. पुढच्या धाग्यात मिरजेला जाऊ, खरेशास्त्र्यांच्या रुमालांकडे.